बंद विहीर, पेटती भट्टी

३ नोव्हेंबर

मावशी,

सोबतच्या जाड पाकिटात कंपनीची नोटीस आहे. ती नंतर उघड, आधी हे वाच. नोटिशीत तुझा उल्लेख 'बाधित शेजारी' असा केला आहे. शब्द नियमावलीतला आहे, पण टाइप मी केला आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तुझ्या कुंपणापलीकडची विहीर गेल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. म्हणजे तिची आकडेमोड माझ्याकडे, विहीर कंपनीची. तिच्यात दोन थर आहेत. वरच्यातून गॅस येतो, खालच्यातून तेल. आजवर दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी वर येत होते. आता दोन्ही थर थकले आहेत आणि एकेकटा चालवणं कंपनीला परवडत नाही. दोन्ही एकत्र वर घेतले तर विहीर अजून काही वर्षं चालेल. त्याला नियामक मंडळाची मंजुरी लागते, आणि मंजुरीआधी ज्यांना फरक पडेल त्यांना कळवावं लागतं. विहिरीच्या रस्त्यासाठी तू जमीन सोडलीस तेव्हापासून तुझी भट्टी या विहिरीच्या गॅसवर चालते. म्हणून तुला नोटीस.

हरकत असेल तर महिनाअखेरपर्यंत मंडळाला लिही. नसेल तर शेवटच्या पानावर सही करून मला पाठव. मंजुरी मिळाली नाही तर कंपनी विहीर सिमेंट भरून कायमची बंद करेल आणि तुझा गॅस जाईल. हे दबाव आणायला लिहीत नाही. नोटिशीतही आहे, फक्त तिथे शोधावं लागतं.

आपलं नातं मी साहेबांना लेखी कळवलं आहे. ते म्हणाले, "मावशी काय, शेजारीण काय, सही आली की झालं." मात्र या अर्जाबद्दल तुझ्याशी जे बोलायचं ते लेखीच, असं ठरलं आहे. नोटीस आणि तिचं उत्तर फाइलला लागेल. ही पत्रं खासगी. तूही फोन उचलत नाहीस, तेव्हा फारसं बिघडत नाही.

मी ठीक आहे.

तुझी भाची


१२ नोव्हेंबर

चि. फूटपट्टीस,

आशीर्वाद नेहमीइतकेच, मोजून घे.

दोन्ही पाकिटं मिळाली. एकात मी 'आपण', दुसऱ्यात 'तू'. दोघींची वेगवेगळी उत्तरं मी देणार नाही, माझ्याकडे एवढी पाकिटं नाहीत. इतक्या वर्षांत तुझं चार ओळींपेक्षा लांब पत्र आलं ते माझ्या गॅसबद्दल, आणि स्वतःबद्दल काय, तर 'मी ठीक आहे'. तारेचे पैसे पडल्यासारखं.

फोन उचलत नाही कारण हात कोपरापर्यंत मातीत असतात. धुऊन येईपर्यंत तो रुसून गप्प होतो. तुझी आई गेल्यावर तीन वर्षं याच घरात काढलीस, तुला हे नव्याने सांगायला नको.

नोटीस वाचली. एकदा चष्मा लावून, एकदा काढून. फरक पडला नाही. मला एवढंच उमगलं की दोघांना एका दारातून बाहेर काढायचं आहे. पण मला माणसाला सांगतात तसं सांग. एकत्र कोंडल्यावर ते भांडणार नाहीत कशावरून? मी आणि तुझी आई एका खोलीत वाढलो. दार उघडं असायचं तोवर दोघी बाहेर पळायला मोकळ्या, कसली कटकट नाही. बाहेरून कडी लागली रे लागली की बाईसाहेब सरकत सरकत माझ्या पलंगावर. सकाळी मी जमिनीवर असायचे.

'बाधित शेजारी' मात्र झकास. दारावर पाटी लावावी म्हणते.

सही आत्ता नाही. आधी समजू दे.

तुझी बाधित मावशी


१९ नोव्हेंबर

मावशी,

पलंगाचं उदाहरण बरोबर आहे. इतकं की मंडळाचाही मुख्य प्रश्न तोच आहे.

विहीर चालू असते तेव्हा दोन्ही थरांतलं वरच येतं, कारण वाट तिकडे मोकळी असते. दुरुस्तीसाठी वर्षातून काही वेळा विहीर बंद करावी लागते. तेव्हा वर यायची वाट बंद होते, पण एकत्र केल्यावर दोन थरांमधली वाट उघडीच राहणार. मग ज्याचा दाब जास्त, तो दुसऱ्यात शिरतो. आपल्या विहिरीत वरचा गॅस दांडगा निघाला, तर तो खालच्या तेलाच्या थरात घुसेल, तेलाची वाट अडवेल आणि तो गॅसही परत हाती येणार नाही. दोन्हीचं नुकसान, आणि तेही जमिनीखाली, कुणाला न दिसता. म्हणून मंडळ म्हणतं, दोघांचे दाब जवळपास सारखे असल्याचं दाखवा. फरक दहा टक्क्यांच्या आत हवा.

ऑक्टोबरमध्ये विहीर पूर्ण बंद ठेवून दोन्ही दाब मोजले. वरचा तीन टक्क्यांनी जास्त निघाला. माझा स्वतःचा अंदाज याहून बराच मोठा होता. पण अंदाज आणि माप यांत मी माप धरते. सगळा अर्ज या एका आकड्यावर उभा आहे आणि त्याखाली माझी सही आहे.

तुझ्या भट्टीची नळी आहे तशीच राहील.

स्वतःबद्दल लिही म्हणतेस. भाड्याची खोली आहे. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची खिडकी आहे, तिथले लोक पडदा लावत नाहीत, म्हणून मी लावते. ऑफिसात आमच्या मजल्यावर मी सगळ्यांत लहान. साहेब मला 'आमचं कॅल्क्युलेटर' म्हणतात आणि त्यांना ते कौतुक वाटतं. पुढच्या वर्षी एक मोठा प्रकल्प सुरू होणार आहे, त्यात माझं नाव आहे. या अर्जानंतर.

तुझी भाची


२८ नोव्हेंबर

चि. फूटपट्टीस,

सही सोबत. आता समजलं. तुझी आई गॅस होती आणि मी तेल.

तुझ्या मोजमापाची मी साक्षीदार आहे, माहीत आहे का? विहिरीवरचे तुमचे ऑपरेटर, ते दाढीवाले, विहीर बंद करून काटा स्थिर व्हायची वाट बघत बसले होते. त्या आठवड्यात वारा असा सुटला होता की नाक जागेवर आहे की नाही ते चाचपावं लागत होतं. माझ्याच्याने बघवेना. त्यांना आत बोलावलं, भट्टीपाशी स्टूल दिलं, चहा दिला. शाळेच्या फरशांची मोठी भट्टी नेमकी लागलेली होती. हात शेकत म्हणतात, "ताई, विहीर बंद असली की एवढं सामसूम होतं, तुमच्या भट्टीची घरघर तेवढी सोबतीला." सभ्य माणूस. चहात साखर कमी आहे हेही सभ्यपणे सांगितलं.

शाळेचं काम मोठं आहे. सगळ्या वर्गांच्या भिंतींना खालून हातभर उंचीच्या फरशा, निळ्या. मार्चपर्यंत द्यायच्या आहेत. म्हणून तुझा अर्ज पार पडलेला बरा. गॅस गेला तर मी लाकडावर भट्टी लावू शकते म्हणा, पण हा निळा लाकडावर येत नाही. धुराने मळतो. आणि या वयात लाकडं कोण फोडणार?

तुझी पट्टी अजून खिडकीत आहे. दुसरी. पहिलीचं काय केलंस ते आठवतं? दुकानातली फूटपट्टी ओल्या मातीवर ठेवून रेघ न् रेघ उतरवलीस, एक फूट म्हणजे नेमका एक फूट. भाजून आली तर चांगली इंचभर आखूड. माती आगीत आखडते हे मी तुला सांगायला विसरले होते. दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. मग कुणाला न विचारता दुसरी केलीस, आखडणं आधीच धरून लांब. ती भाजून आली तेव्हाही काही बोलली नाहीस. फक्त टेप लावून बघितलास आणि जेवायला बसलीस.

तू तशीच आहेस का गं अजून?

मावशी


४ डिसेंबर

मावशी,

सही मिळाली. ती मी फाइलला लावलेली नाही.

दाढीवाले काटा बघत होते तेव्हा भट्टी पेटलेली होती. तू लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. विचारायचं काही उरलेलं नाही, तरी एकदा खात्री करून कळव.

माझ्या नकाशात तुझ्या भट्टीची नळी मुख्य व्हॉल्व्हच्या पलीकडून निघते. म्हणजे व्हॉल्व्ह बंद केला की भट्टीही बंद. तो नकाशा जुन्या नकाशावरून काढला आहे आणि जुना त्याहून जुन्यावरून. प्रत्यक्षात नळी व्हॉल्व्हच्या अलीकडूनच निघते, विहिरीच्या मानेतून. हे मला कुणी शिकवायला नको होतं. तुझ्याकडे होते तेव्हा शाळेतून आले की मी त्या नळीवर बसायचे. दाब उतरवायची जी लोखंडी डबी आहे तिच्यावर थंडीत बर्फ धरायचं, मी त्यावर नखाने रेघा मारायचे. एकदा विहीर दुरुस्तीला पुष्कळ दिवस बंद होती. पलीकडे कुणी नव्हतं. तरी तुझी भट्टी चालू होती आणि डबीवर बर्फ होतं. नळी कुठून निघते हे मला दहाव्या वर्षी माहीत होतं. इंजिनिअर झाल्यावर मी नकाशा बघितला.

म्हणजे ऑक्टोबरात विहीर बंद नव्हती. वरच्या थरातला गॅस तुझ्या भट्टीत जात होता. वाहत्या गॅसचा दाब कोंडलेल्या गॅसपेक्षा कमी भरतो. तीन टक्के हा भट्टी पेटलेली असतानाचा आकडा. विझलेली असतानाचा माझ्या हिशोबाने पंधरा ते वीसच्या दरम्यान असेल. मर्यादा दहा आहे.

खरा आकडा दिला तर मंजुरी बहुतेक मिळणार नाही, विहिरीत सिमेंट भरलं जाईल आणि तुझा गॅस जाईल. गप्प बसले तर मंजुरी मिळेल, आणि विहीर बंद केली की दर वेळी खाली जे होईल ते कुणालाच कळणार नाही. मी आकडा मागे घेणार आहे. हे विचारत नाही, कळवते.

विचारायचं आहे ते वेगळं. पुरावा म्हणून मला तुझं पत्र फाइलला लावावं लागेल, चहा आणि दाढीवाल्यांसकट. पत्र खासगी आहे. तू नको म्हणालीस तर लावणार नाही. माझ्या आठवणीवर लिहीन. तुझ्याच पत्राने तुझी भट्टी विझावी, हे मला नको आहे. एवढंच लिहिता येतं.

तुझी भाची


२ जानेवारी

मावशी,

महिना होत आला, तुझं उत्तर नाही. तेच उत्तर आहे असं धरून मी पत्र लावलेलं नाही. आठवणीवर लिहिलं.

आधी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "चाचणीच्या अहवालात भट्टी आहे का कुठे?"

"नाही."

"मग कशाला स्वतःहून काडी टाकतेस? मंडळाने विचारलं तर बघू."

"मंडळ विचारणार कसं? मंडळाला नळी माहीत नाही."

"तुला तरी कुठे माहीत होती?"

"होती," मी म्हटलं.

त्यावर ते पेनाचं टोपण काढून लावत बसले. मग म्हणाले, "विहीर तुझी, मावशी तुझी, आकडा तुझा. निस्तर."

मी निस्तरलं. आकडा मागे घेतल्याचं पत्र मंडळाला गेलं. मोठ्या प्रकल्पाची यादी परवा लागली, तिच्यात माझं नाव नाही. त्याचा याच्याशी संबंध आहे असं कुणी म्हटलेलं नाही.

मंडळाने पुन्हा चाचणी करायला सांगितली आहे. २२ जानेवारीला विहीर बंद होईल, या वेळी तुझ्या नळीसकट. काटा पूर्ण स्थिर होईपर्यंत तुला भट्टी लावता येणार नाही. शाळेच्या फरशांच्या ऐन घाईत हे येतं आहे, मला कळतं. तारीख पुढे ढकलून बघितली, जमलं नाही.

तू रागावली असशील तर ते बरोबर आहे. रागावली आहेस एवढं तरी लिही.

तुझी भाची


१४ जानेवारी

चि. फूटपट्टीस,

रागावले असते तर लगेच लिहिलं असतं. राग आला की मला भराभर सुचतं. गप्प होते कारण हात रिकामा नव्हता.

तुझं डिसेंबरचं पत्र वाचलं आणि त्याच दिवशी ठरवलं, गॅस आहे तोवर घरात जे जे कच्चं आहे ते भाजून घ्यायचं. एक भट्टी निवते न निवते तोच दुसरी लावायची. शाळेच्या फरशा सगळ्या झाल्या. मग मांडणीवरची भांडी, मग मांडणीमागे पडलेली, मग तुझ्या वेळची, झाकण नसलेली, कान तुटलेली. मधल्या काळात आंघोळसुद्धा उरकून घ्यायचे, जेवणाचं तर विचारूच नकोस. शेवटच्या भट्टीत एक कप्पा उरला आणि ठेवायला काही सापडेना. मागे वळून बघितलं तर मांडणी मोकळी. या घरात मी ती मोकळी कधी पाहिली नव्हती. स्टुलावर बसले, दाढीवाल्यांच्याच, आणि तुझं पत्र पुन्हा काढलं.

तू मला एकच विचारलं होतंस, पत्र लावू का. आणि मी तेवढ्याचंच उत्तर दिलं नाही. तू माझ्या गप्प राहण्याचा अर्थ 'नको' असा लावलास. ते मात्र मोजून न बघताच धरलंस हं.

लाव. चहासकट लाव. मंडळाला आठवण चालत नसेल तर हेही लाव. भाषा तुझ्या नोटिशीतून उचलली आहे, चुकलं असेल तर नीट कर:

'मी, खाली सही करणारी बाधित शेजारीण, असे नमूद करते की, सदर विहीर बंद असल्याचे कंपनी समजत होती त्या काळात सदर भट्टी पेटलेली होती. सदर ऑपरेटरने तिच्यावर सदर हात शेकले व सदर चहात साखर कमी असल्याचे निदर्शनास आणले. सदर नळी विहिरीच्या मानेतून निघते हे माझ्या भाचीस तिच्या लहानपणापासून ठाऊक होते. नकाशात ती चुकली हे ध्यानात आल्यावर तिने लपवले नाही. मला गॅस हवा आहे, पण असा नको.'

आता माझा एक प्रश्न. भट्टी पेटलेली असताना ते दोघं गुण्यागोविंदाने नांदत होते, फरक किती, तर तीन. भट्टी विझली की वरचा दांडगाई करणार. मग तुम्ही सगळी शहाणी मंडळी मिळून भट्टी विझवायला का निघालात?

२२ तारखेला नळी मी माझ्या हाताने बंद करीन. दाढीवाल्यांना चहा मिळेल, शेक नाही.

मावशी


९ मार्च

मावशी,

निकाल आजच हाती आला. तो सांगण्याआधी क्रमाने लिहिते, नाहीतर तू बाकीचं वाचणार नाहीस.

चाचणीत खरा फरक अठरा टक्के निघाला. म्हणजे अर्ज होता तसा मेलाच होता.

तुझा प्रश्न वाचला तेव्हा मी समासात 'असंबद्ध' असं लिहिलं होतं. भट्टी हे मातीकामाचं साधन आहे, विहिरीचं नव्हे. दोन दिवसांनी तो शब्द खोडला आणि गणित मांडलं. वरचा थर मुळात किती दांडगा आहे याने काही बिघडत नाही. विहीर बंद असताना त्याला वर जायला थोडी वाट राहिली की तो खाली घुसत नाही. किती थोडी, एवढाच प्रश्न. भट्टी पूर्ण पेटलेली असताना जेवढा गॅस घेते, त्याच्या निम्माही पुरतो. अचानक विहीर बंद करावी लागली आणि भट्टी भरलेली नसली, तर कुंपणाशी एक साधा बर्नर लावला तरी चालेल. मी हे सुधारित अर्जात घातलं. साहेबांनी पान उलटून बघितलं आणि म्हणाले, "हे तू सुनावणीत तोंडाने सांगणार आहेस?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग मी मागच्या रांगेत बसतो."

सुनावणीला मंडळाचे तिघे होते. मधल्या बाई वयस्क, पांढऱ्या केसांच्या. तुझं निवेदन त्यांनी मोठ्याने वाचलं. 'सदर हात शेकले' इथे थांबल्या, चष्मा काढून पुसला, आणि त्याच आवाजात पुढे वाचलं. हसलं कुणी नाही. लिपिकाला तेवढा ठसका लागला.

मग मला विचारलं, "नळी तुम्हाला माहीत होती, असं यात आहे. मग नकाशात का नाही आली?"

"मला ती लहानपणी माहीत होती."

"म्हणजे?"

"म्हणजे ती माझी बसायची जागा होती. मोजायची वस्तू आहे असं तिच्याकडे कधी बघितलं नाही."

पुढचा प्रश्न बर्नरबद्दल होता.

मंजुरी मिळाली आहे. एका वर्षापुरती, अटींसह. सहावी अट उतरवून देते: 'विहीर बंद असण्याच्या संपूर्ण काळात वरच्या थरातील गॅस शेजारील भट्टीत अथवा पर्यायी बर्नरमध्ये जळत राहील अशी व्यवस्था अर्जदाराने करावी. विहीर नियोजित कामासाठी बंद करण्याची तारीख भट्टीचालकाच्या संमतीने ठरवावी.'

म्हणजे यापुढे विहीर कधी बंद करायची ते कंपनी तुला विचारून ठरवणार. साहेब म्हणाले, "आता आपण सगळे मावशीच्या तालावर." मोठ्या प्रकल्पाबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. वर्षानंतर मंजुरी पुढे मिळेल का, ते या वर्षीच्या मापांवर ठरेल. खात्री मी देऊ शकत नाही.

पहिल्यांदा विहीर एप्रिलमध्ये बंद करावी लागेल. सोयीची तारीख कळव. मोजणीला कंपनीतर्फे मी येणार आहे. काटा स्थिर होईपर्यंत भट्टीजवळच थांबावं लागेल. कंपनीच्या विश्रामगृहात सोय होऊ शकते. ते तुझ्यापासून लांब आहे.

सुधारलेला नकाशा सोबत आहे. तुझी नळी तांबड्या शाईने काढली आहे, विहिरीच्या मानेपासून भट्टीपर्यंत. बर्फ धरायची ती डबीही दाखवली आहे. तशी गरज नव्हती.

तुझी भाची


१७ मार्च

चि. फूटपट्टीस,

सगळं क्रमाने वाचलं. निकाल आधी शोधला, मग क्रमाने वाचलं.

भट्टीचालक या नात्याने मी विहीर बंद करायला संमती देते: बारा एप्रिल. त्याआधी नाही. मांडणी अजून मोकळीच आहे, आणि रिकामी भट्टी मी पेटवत नाही, मंडळासाठीही नाही. भट्टी भरायला सामान घडवावं लागेल. माती भिजत घातली आहे, पण हात दोनच आहेत, आणि डावा अंगठा आता ऐकत नाही. तेव्हा तू आठवडाभर आधी ये. रजा मागताना कारण काय द्यायचं ते तुझं तू बघ. 'सहाव्या अटीची पूर्वतयारी' चालेल का?

विश्रामगृहाचं नाव पुन्हा काढू नकोस. तुझी खोली आहे तशी आहे. तीही मोजून ठेवली होतीस जाताना, आठवतं मला. त्यात आता झिलईच्या काचभुकटीचे दोन खोके आलेत, ते हलवीन.

त्या मोठ्या प्रकल्पाचं वाईट वाटलं. तुला वाटलं की नाही ते तू लिहिणार नाहीस, म्हणून मीच लिहिते.

नकाशा भट्टीच्या भिंतीवर लावला आहे. दाढीवाले येऊन बघून गेले. त्यांच्या डोक्यावर बर्नरचं नवं काम आलंय, तरी खूश दिसले. बराच वेळ न्याहाळून म्हणतात, "ताई, बाकी सगळं समजलं, पण या डबीवर बारीक बारीक रेघा कसल्या मारल्यात?" मी म्हटलं, बर्फ आहे ते. "बर्फ कशाला नकाशात?" म्हटलं, या वेळी तेही धरलंय.

वरच्या कप्प्यात एक जागा राखून ठेवते. त्यात काय भाजायचं ते तू ठरव, घाई नाही. मोजमापाची यंत्रं हवी तेवढी आण, ती ठेवायला मांडणी मोकळीच आहे. फूटपट्टी तेवढी आणू नकोस. परवा खिडकीतली काढून, धूळ पुसून, टेपला लावून बघितली.

एक फूट म्हणजे अजून एक फूटच आहे.

तुझी मावशी